पॉटसाहेबाचं दुखणं

माझ्या पाठीवर सोनेरी आकड्यांत साल छापलेलं होतं, मित्रांनो. ते कधीच झिजून गेलं. आता बोट फिरवलं तर मधली दोन शून्यं तेवढी हाताला लागतात. त्यावरून माझं वय काढायचं तर काढा बापडे.

मी एका औषध कंपनीची डायरी. नव्या वर्षाला कंपनीची माणसं डॉक्टरांना ज्या डायऱ्या फुकट वाटत फिरतात, त्यांतली एक. फुकट आलेल्याला कोण विचारतो! त्या जानेवारीत आमच्या डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर अशा सात जणी येऊन पडल्या होत्या. एकीवर त्यांच्या मुलाने मोटारी काढल्या, एक खुर्चीच्या तुटक्या पायाखाली गेली, बाकीच्या कुठे गेल्या ते मला आजतागायत कळलं नाही. मला मात्र साहेबांनी औषधांच्या खिडकीतून आत सरकवलं आणि म्हणाले, "भिमाजी, घे रे तुला."

दवाखाना शेवगावात, एसटी स्टँडपासून चार पावलांवर. भिमाजी तिथला कंपाउंडर. उंच, काटकुळा, कायम कानाला पेन. बारावी सायन्सला त्याला चांगले मार्क पडले होते, पण घरचं बघणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून शिक्षण तिथंच थांबलं आणि तो खिडकीत येऊन बसला. शिक्षण थांबलं तरी खोड थोडीच थांबते? प्रत्येक गोष्ट उकरून काढल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

बोधेगावचा एक म्हातारा तेव्हा दवाखान्यात यायचा. त्याचा उजवा हात सारखा थरथरायचा, बोटं अशी फिरायची की वाटावं चिमटीत गोळी वळतोय. साहेबांनी त्याच्या कागदावर दुखण्याचं नाव लिहिलं. म्हातारा खिडकीशी आला.

"काय निघालं रं मला, भिमाजी?"

"पार्किन्सन."

"म्हंजी?"

भिमाजीने कागद उलटासुलटा करून पाहिला. म्हातारा म्हणाला, "तुलाबी ठाव न्हाई व्हय? मंग हितं खिडकीत काय कबुतरं पाळायला बसलाय?"

ते बोलणं भिमाजीला झोंबलं. दुपारी साहेब डबा खायला बसले तेव्हा त्याने विचारलं, "साहेब, हा पार्किन्सन कोण?" साहेब खूश झाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणी हे विचारत होतं. भाकरी हातातच राहिली आणि ते सांगत सुटले. पार्किन्सन हा लंडनचा डॉक्टर. दोनशे वर्षांपूर्वी त्याने अशी थरथरणारी सहा माणसं पाहिली, त्यांतली काही तर नुसती रस्त्याने जाता-येता पाहिलेली. त्यांच्यावर त्याने एक पुस्तिका लिहिली. पुढे एका फ्रेंच डॉक्टरने त्या दुखण्याला त्याचंच नाव देऊन टाकलं.

त्याच दुपारी भिमाजीने मला उघडलं आणि पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं, 'नाव कोणाचं'. उजव्या बाजूला लिहिलं, 'म्हणजे काय'. तारखांकडे त्याने बघितलंही नाही. एक जानेवारीला पार्किन्सन आला आणि त्या दिवसापासून मी नुसती डायरी राहिले नाही.

मग नावं येतच राहिली. पडताना हात टेकून मनगट मोडलेली बाई आली की कोलिस. हा डब्लिनचा सर्जन. एक्स-रे निघायच्या ऐंशी वर्षं आधी त्याने हे हाड कसं मोडतं ते लिहून ठेवलं. तोंड एका बाजूला वाकडं झालेला कल्याण नावाचा पोरगा आला, तेव्हा त्याची आई म्हणत होती की करणी झाली. भिमाजीने मला पुढ्यात घेऊन तिला वाचून दाखवलं, की बेल नावाच्या डॉक्टरने चेहऱ्याच्या शिरेवर अभ्यास केला, त्या शिरेला सूज आली की तोंड असं होतं, आणि बहुतेकांचं बरं होतं. कल्याणचं तोंड दीड महिन्यात जागेवर आलं. त्याच्या आईने माझ्यावर हळदी-कुंकू वाहिलं. तो पिवळा डाग अजून आहे, खोटं सांगत नाही.

माझी कीर्ती झाली बघा. नगरहून, संभाजीनगरहून मोठ्या दवाखान्यांचे कागद घेऊन लोक खिडकीशी यायचे आणि म्हणायचे, "भिमाजीभाऊ, तेवढं वहीतलं वाचा की." मला वही म्हणायचे, मी काही मनावर घेतलं नाही. आपल्या दुखण्यामागे कोणीतरी माणूस आहे, त्याला नाव-गाव आहे, हे ऐकलं की लोकांना जरा धीर यायचा.

पण सगळीच नावं धीर द्यायला आलेली नव्हती. हे मला हळूहळू कळलं.

एके दिवशी साहेबांनी एका कागदावर 'हॅन्सन' लिहिलं. हॅन्सन हा नॉर्वेचा डॉक्टर, महारोगाचा जंतू त्याने पहिल्यांदा पाहिला. साहेब म्हणाले, "महारोग म्हटलं की माणूस वाळीत पडतो, भिमाजी. हॅन्सन म्हटलं की नुसता आजारी असतो." तसंच 'कॉक'चं. कॉक जर्मनीचा, टीबीचा जंतू शोधणारा. साहेब टीबी हा शब्द कागदावर कधीच लिहायचे नाहीत, कॉकच लिहायचे. आपल्या मुलखातले पुष्कळ डॉक्टर असंच करतात म्हणे. हेतू चांगला होता. टीबीचं नुसतं नाव निघालं तरी पोरींची लग्नं मोडायची आणि शेजारीण पाण्याला शिवू द्यायची नाही.

त्यातून भिमाजीने एक रीत पाडली. खिडकीशी चार माणसं असली की तो फक्त माझी डावी बाजू वाचायचा. मग पेशंटला एकट्याला आत, औषधांच्या कपाटामागे बोलवायचा आणि हळू आवाजात उजवी बाजू सांगायचा. बरीच वर्षं ही रीत नीट चालली. कोणाचा संसार मोडला नाही, कोणाच्या गोळ्या चुकल्या नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं भिमाजी म्हणायचा, आणि मलाही ते पटायचं. आता त्याची लाज वाटते.

नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात चांगुणा आली.

चांगुणा ऊसतोड करणारी बाई. वय असेल छत्तीस-सदतीस. पाठीच्या दुखण्याने वाकली होती, पण तोंडाचा पट्टा सुरू. सोबत नवरा सूर्यभान, आणि पाथर्डीकडचे काकासाहेब. काकासाहेबांच्या मुलाशी चांगुणाच्या ज्योतीची सोयरीक नुकतीच जमली होती. लग्न पुढच्या वैशाखात करायचं ठरलं होतं. नवा सोयरा म्हणून काकासाहेब स्वतःची जीप घेऊन आले होते आणि त्यांनीच तिला नगरला नेऊन मणक्याचा फोटो काढून आणला होता. भला माणूस.

साहेबांनी फोटो उजेडाला धरला. म्हणाले, "चांगुणाबाई, मणका किडलाय. पण बरा होईल. वर्ष-दीड वर्ष गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि जड उचलायचं नाही." कागदावर त्यांनी लिहिलं, 'पॉट'. मग काकासाहेबांकडे एक नजर टाकून भिमाजीला हळूच म्हणाले, "एकटीला गाठून सांग."

तिघं खिडकीशी आले. काकासाहेबांनीच विषय काढला. "हां कंपाउंडर, तुमच्या वहीचं लई ऐकलंय. वाचा बरं, आमच्या यीनबाईला काय झालंय."

माझं एकोणीस मेचं पान उघडलं गेलं. उजव्या बाजूला भिमाजीच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'मणक्याचा टीबी. गोळ्या पुऱ्या घेतल्या तर बरा होतो. मधेच सोडल्या तर पाय जाऊ शकतात. अशा पेशंटचे पाय जातात हे पॉटनेच लिहिलं.' भिमाजीने त्यावर अंगठा ठेवला. जाडजूड अंगठा, स्पिरिटचा वास येणारा. अक्षरं त्याखाली सगळी गेली. आणि मग त्याने डावी बाजू वाचली.

"पॉट हा लंडनचा मोठा सर्जन. एकदा घोड्यावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. लोक उचलायला धावले, तर म्हणाला, खबरदार, हात लावू नका. तिथंच थंड रस्त्यावर पडून राहिला. दोन पालखीवाले बोलावले, एक दार विकत घेतलं, त्या दाराला पालखीचे दांडे ठोकून घेतले आणि त्या दारावर निजून घरी गेला."

चांगुणा पाठीवर हात दाबून हसली. "बया! दारावर निजून? अन् घरी बायकू काय म्हनली आसंल, दार आनलं म्हनून!"

"अन् मनक्याचं काय?" सूर्यभानने विचारलं.

"पुढं त्यानंच मणक्याच्या दुखण्यावर लिहिलं. सूज असते मणक्याला. गोळ्या घेतल्या की उतरते." भिमाजीचा अंगठा हलला नाही.

"म्हंजी विलायती दुखनं हाय तर," काकासाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झालेला मी पाहिला. तेव्हा वाटलं, भिमाजीने शहाणपणा केला. पोरीची सोयरीक वाचली.

चांगुणाला आत बोलवायचं राहिलं. जीप दारात सुरू होती, काकासाहेब घाई करत होते. भिमाजी स्वतःशी म्हणाला, पुढच्या खेपेला सांगू.

पुढच्या खेपेला पुन्हा काकासाहेबच घेऊन आले. त्याच्या पुढच्या वेळी वस्तीवरच्या दोघी सोबत होत्या. मग एकदा ज्योती आली आईसोबत, आणि पोरीसमोर कसं बोलायचं? दर वेळेला भिमाजी मला उघडायचा, त्या पानाकडे बघायचा आणि मिटायचा. साहेबांनी एकदाही विचारलं नाही की बाबा सांगितलंस का. त्यांनी भिमाजीवर सोपवलं आणि ते मोकळे झाले. भिमाजीने पुढच्या खेपेवर सोपवलं. मला तोंड असतं, तर मी त्या खिडकीतून बोंब मारली असती. पण आम्हा डायऱ्यांचं काय, कोणी वाचलं तरच आम्ही बोलतो.

गोळ्यांनी गुण आला. श्रावणापर्यंत चांगुणाची पाठ बरीच सरळ झाली, दसऱ्यापर्यंत दुखणं गेलंच. आणि खरा घात तिथेच होता. कारण मणक्यातला जंतू अजून मेलेला नव्हता.

दसरा झाला की आमच्या पूर्व भागातल्या वस्त्या रिकाम्या होतात. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, थेट उन्हाळ्यात परत येतात. टोळी निघायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, चांगुणा खिडकीशी आली. साहेब जेवायला गेले होते. दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. सोबत काकासाहेब नव्हते, ज्योती नव्हती, शेजारणी नव्हत्या. ती एकटी होती, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगतेय. त्या दिवशी ती एकटी होती.

"जाते भाऊ आता. उद्या टोळी निघतीय."

"अगं, पण जड उचलायचं नाही म्हणाले ना साहेब? तू ऊस तोडायला जाणार?"

"मंग काय करू? बसून खायला कोन घालतंय? नवरा-बायकू मिळून एक कोयता आसतोय. मी न्हाई गेले, तर ह्यांचा अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला टोळीत कोन इचारतं?"

"आणि गोळ्या?"

"हायत दोन पाकिटं. तेवढी सरली का बास. आता पाट दुकत न्हाई का काय न्हाई. तुमचा पॉटसाहेब गेला बरं का लंडनला!" आणि ती हसली. "गरज सरो अन् वैद्य मरो, भाऊ. रागावू नका."

भिमाजीचा हात माझ्यावर होता. मी टेबलावर मिटलेली पडले होते आणि त्याचा अंगठा माझ्या कडेला होता, एकोणीस मेच्या आसपासच. नुसता नखाने पान उचलायचा अवकाश. एवढंच म्हणायचं होतं, की बाई, हा टीबी आहे, गोळ्या सोडल्यास तर पाय जातील.

त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला पक्कं माहीत आहे, पुढे त्यानेच ते कितीदा बोलून दाखवलंय. ही नवऱ्याला सांगणार. टोळीत खोपीला खोपी लागून असते, इकडं शिंकलं तर तिकडं ऐकू जातं. त्याच टोळीत काकासाहेबांच्या गावचीही माणसं होती. लग्न सहा महिन्यांवर आलेलं. तो मनात म्हणाला, एकदा पोरीच्या डोक्यावर अक्षता पडू दे, मग सांगू.

तोंडाने म्हणाला, "गोळ्या सोडू नको बरं का."

"बरं," चांगुणा म्हणाली. पायात चपला सरकवल्या आणि तरातरा स्टँडकडे चालत गेली. मी तिला चालताना पाहिलं ते शेवटचं.

संक्रांत होऊन आठवडाही झाला नव्हता. दवाखान्यासमोर एक पिकअप थांबली. मागे बाज टाकलेली, बाजेवर चांगुणा. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फडातून निघाली आणि पाय दुमडून खालीच बसली, ती पुन्हा उठली नाही. सूर्यभान दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून सगळ्यांना एकच सांगत होता, "टाचनी टोचली तरी कळंना तिला. टाचनी टोचून बगितली मी."

भिमाजी धावत खाली गेला. चांगुणाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. अंगात ताप, ओठ फुटलेले, तरी जीभ जागेवर होती. म्हणाली, "तुमचा पॉटसाहेब दारावं निजून घरी आला हुता न्हवं? मी बाजंवं आले."

भिमाजीला रडू आवरेना. लोकांना वाटलं, किती मायाळू कंपाउंडर! साहेबांनी तिला तसंच नगरला पाठवलं. तिथे ऑपरेशन झालं, गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या, तीन महिने तिला झोपवून ठेवलं. जीव वाचला, पण पाय परत आले नाहीत. लवकर आली असती तर आले असते, असं तिथले डॉक्टर म्हणाले. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय!

नगरच्या त्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. कॉटशेजारी उभं राहून सूर्यभानला आणि काकासाहेबांना सरळ सांगून टाकलं, मणक्याचा टीबी आहे, औषध अर्धवट सोडलं म्हणून हे झालं. चांगुणा तेव्हा ग्लानीत होती.

दोन दिवसांनी काकासाहेब दवाखान्यात आले. भिमाजीने त्यांना लांबूनच पाहिलं. आता सोयरीक मोडली, असंच आम्हा दोघांना वाटलं.

काकासाहेब बाकावर बसले. मग म्हणाले, "टीबी हुता तिला, कंपाउंडर?"

"व्हय."

"तुमाला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मंग त्या दिवशी का न्हाई बोलला?"

भिमाजी खाली मान घालून म्हणाला, "तुम्ही होता. लग्न मोडलं असतं."

काकासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "सात वर्सांमागं मीबी सा म्हैने त्याच गोळ्या खाल्ल्या," ते म्हणाले. "छातीचा हुता. माज्याबी कागदावं कुनी कॉकसाहेब लिवला हुता. घरात बायकूबिगर कुनाला ठाव न्हाई. आपल्याला हुता हे यीनबाईच्या घरी कळलं तर पोरगी देत्याल का न्हाई, ह्या भ्यावानं मी गप. अन् तुमी मला भिऊन गप." मग त्यांचा आवाज चढला. "लगीन मोडतोय व्हय मी? आरं, मी सोताच्या हातानं तिला येळच्या येळी गोळ्या घातल्या असत्या! मला ठाव हाय त्या सोडल्या तर काय हुतं ते!"

मला सहन झालं नाही, मित्रांनो. दोन भले पुरुष एकमेकांपासून एकच दुखणं लपवत बसले आणि त्यांच्यामध्ये एका बाईचे पाय गेले. तिला कोणी काही विचारलंच नाही.

लग्न ठरल्याप्रमाणे वैशाखात झालं. चांगुणाला खांबाला टेकवून बसवलं होतं आणि कमरेभोवती पातळ गुंडाळून त्यालाच बांधलं होतं, कलंडू नये म्हणून. हे मी पाहिलं नाही, तेव्हा भिमाजी रात्री मला पिशवीतून घरी न्यायचा, त्याने बायकोला सांगितलं ते ऐकलं. तो रात्री जेवला नाही.

ज्योती माहेरपणाला आली त्या आठवड्यात भिमाजीने मला पिशवीत घातलं आणि चांगुणाच्या वस्तीवर गेला. घर पत्र्याचं, पुढे लिंबाचं झाड, झाडाखाली बाज. तो बाजेशेजारी जमिनीवरच बसला. मला काढलं आणि ज्योतीच्या हातात दिलं. म्हणाला, "एकोणीस मेचं पान काढ. उजवी बाजू वाच. मोठ्याने वाच."

ज्योतीने वाचलं. 'मणक्याचा टीबी. गोळ्या पुऱ्या घेतल्या तर बरा होतो. मधेच सोडल्या तर पाय जाऊ शकतात.' पुढे तिला वाचवेना.

चांगुणा वर लिंबाकडे बघत होती. तिने शांतपणे विचारलं, "हे कवा लिवलं?"

"तू यायच्या आधीच लिहिलेलं होतं," भिमाजी म्हणाला.

"म्हंजी तुमी घोड्याचं अन् दाराचं सांगत हुता, तवा हे बाजूलाच हुतं?"

"अंगठ्याखाली होतं."

"अन् मी टोळीला निघाले, एकलीच आल्ते, तवा?"

भिमाजीने होकारार्थी मान हलवली.

"समद्या गावाला सांगायचं नव्हतं, तर नसतं सांगितलं," चांगुणा म्हणाली. आवाज चढला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "काकासायबाला सांगायचं नव्हतं, तर नका सांगू. ह्यांनाबी नका सांगू. पन भाऊ, मला? पाट माझी हुती. पाय माझे हुते. लगीन माझ्या पोरीचं हुतं. काय झाकायचं अन् काय न्हाई, ते मी ठरवलं असतं की. येवडी अक्कल हुती मला."

"चुकलं माझं," भिमाजी म्हणाला. "माफ कर म्हणायलाही तोंड नाही."

"माफी ऱ्हाऊ द्या. पेन हाय का तुमच्या कानाला?"

"आहे."

"मंग त्या पानावं खाली लिवा. चांगुणा सूर्यभान. हिला सांगितलं न्हाई."

इतक्या वर्षांत माझ्या पानांवर डॉक्टरांची नावं आली. लंडनची आली, जर्मनीची आली, नॉर्वेची आली. ज्यांना दुखलं त्यांच्यातल्या एकाचंही नाव कोणी कधी लिहिलं नव्हतं. भिमाजीने ते लिहिलं. त्याचं अक्षर दवाखान्यात सगळ्यात सुवाच्य, पण त्या दिवशी पेन दोनदा कागदात रुतलं, ती भोकं अजून आहेत. चांगुणाने त्याला ते वाचून दाखवायला लावलं. त्याने वाचलं. मग ती ज्योतीला म्हणाली, "कंपाउंडरला च्या ठेव." भिमाजी तो चहा प्यायला. त्याला नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर माझ्यात कोणी काही लिहिलं नाही. साहेब थकले, आता त्यांचा मुलगा बसतो आणि सगळं कॉम्प्युटरवर उतरतं. भिमाजी मात्र अजून खिडकीत आहे. घोड्याची, दाराची गोष्ट तो आता कोणाला सांगत नाही. कागद घेऊन माणूस आला की आधी त्याच्यासोबतच्या सगळ्यांना बाहेर जायला सांगतो. सासरे, मेहुणे, शेजारी रागावतात, चढेल झालाय म्हणतात. म्हणोत. मी खणात पडून असते. कसर लागली आहे, कडा खाल्ल्या गेल्यात, एकोणीस मेपर्यंतही ती पोचेल एक दिवस.

मला जपा असं मी म्हणत नाही, मित्रांनो. फुकटात आले, फुकटात जाईन. पण घरात कोणाच्या कागदावर असं परक्या साहेबाचं नाव दिसलं, तर तो साहेब कोण हे मागाहून विचारा. आधी विचारा, याने काय होतं आणि गोळ्या किती दिवस घ्यायच्या. आणि तुमच्यातलं कोणी शिकून कागदावर असली नावं लिहायला लागलं, तर एवढं करा. ज्याचं दुखणं, त्याला पहिल्यांदा सांगा. त्याच्याशेजारी कोण बसलंय, ते मग बघा.